कायद्याच्या विद्यापीठाचें द्वार

शालान्त परीक्षा जवळ आली कीं "पुढें काय?" हा प्रश्न घरोघर निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा डॉक्टर व इंजिनीयर या दोन शब्दांतच संपतें. अलीकडे मात्र कांहीं विद्यार्थी व त्यांचे पालक आमच्याकडे येऊन राष्ट्रीय विधि विद्यापीठांविषयीं विचारपूस करूं लागले आहेत. त्यांच्या प्रश्नांवरून आमच्या असें ध्यानीं आलें कीं, पुष्कळांची माहिती अर्धवट आहे, आणि जी आहे ती शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतून आलेली आहे. ज्यानें कायद्याचें एकहि पुस्तक उघडलें नाहीं त्यास ही परीक्षा देतां येणार नाहीं, असा एक समज. शिकवणीस मोठी रक्कम मोजल्यावांचून तेथें कोणाचा शिरकाव होत नाहीं, असा दुसरा. आणि हें सारें शहरांतील इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांसाठींच आहे, असा तिसरा. पहिले दोन समज सर्वस्वी चुकीचे आहेत. तिसऱ्यांत थोडें तथ्य आहे. तें कोणतें, हें पुढें सांगूं.

पूर्वीं आपल्याकडे वकिलीचें शिक्षण पदवी घेतल्यानंतर, आणि कित्येकदां नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळच्या वर्गांत होत असे. मुंबईचें सरकारी लॉ कॉलेज १८५५ पासून आणि पुण्याचें आय. एल. एस. लॉ कॉलेज १९२४ पासून चालत आलें आहे, व या संस्थांनीं महाराष्ट्रास मोठमोठे न्यायाधीश व वकील दिले आहेत. परंतु देशांत इतरत्र पुष्कळ ठिकाणीं हें शिक्षण नांवापुरतेंच उरलें होतें. बारावीनंतर लगेच पांच वर्षें, वसतिगृहांत राहून, पूर्ण वेळ कायदा शिकावा, या पद्धतीचा नमुना घालून दिला तो बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलनें. तिच्यासाठीं कर्नाटक राज्यानें १९८६ सालीं कायदा केला, आणि डॉ. एन. आर. माधव मेनन हे तिचे पहिले संचालक झाले. तिचें पाहून एकेक राज्य आपापलें विधि विद्यापीठ काढूं लागलें. महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा केला. त्यान्वयें मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) येथें अशीं तीन विद्यापीठें उभीं राहिलीं आहेत.

प्रारंभीं प्रत्येक विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा निराळी असे. विद्यार्थ्यास एका महिन्यांत चार गांवीं धांवावें लागे, चार ठिकाणचें शुल्क भरावें लागे, आणि दोन परीक्षा एकाच दिवशीं आल्या तर एक सोडून द्यावी लागे. ही अडचण घेऊन एका उमेदवारानें २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यांतून पुढें २००८ सालीं सात विद्यापीठांनीं मिळून पहिली सामाईक परीक्षा घेतली. हीच ती 'क्लॅट'. कायदा शिकण्याचें दारच एका न्यायालयीन अर्जामुळें रुंद झालें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आज सुमारें दोन डझन विद्यापीठें या परीक्षेवरून प्रवेश देतात. दिल्लीचें राष्ट्रीय विधि विद्यापीठ मात्र आपली स्वतंत्र परीक्षा घेतें. तिचा अर्ज निराळा करावा लागतो. क्लॅटला दरसाल पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी बसतात, आणि त्यांतील दहांत एकासहि जागा मिळत नाहीं. हें कोणास भिवविण्यासाठीं सांगत नाहीं. परंतु आंकडा ठाऊक असलेला बरा.

आतां परीक्षेचें स्वरूप पाहूं. प्रश्न एकशेंवीस, वेळ दोन तास, भाषा इंग्रजी. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय असतात. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो व चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. विषय पांच: इंग्रजी, चालू घडामोडी व सामान्यज्ञान, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क, आणि गणित. पैकीं चालू घडामोडी व कायदेविषयक तर्क यांस प्रत्येकीं सुमारें पाव हिस्सा, इंग्रजी व सामान्य तर्क यांस पांचवा-पांचवा हिस्सा आणि गणितास दहावा हिस्सा असतो. गणित दहावीपलीकडचें नाहीं. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि आलेख वाचतां येणें एवढ्यावर भागतें. बारावीस सर्वसाधारण उमेदवारास पंचेचाळीस टक्के गुण पुरतात, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस चाळीस. कला, वाणिज्य, शास्त्र, कोणतीहि शाखा चालते. वयाची वरची मर्यादा नाहीं. बारावीचा निकाल लागण्यापूर्वींच, म्हणजे त्या वर्षींच्या डिसेंबरांत, परीक्षा देतां येते.

२०२० सालापासून प्रश्नांची रीत पालटली. पूर्वीं सुटे सुटे प्रश्न असत व त्यांत पाठांतराचा उपयोग होई. आतां सुमारें साडेचारशें शब्दांचा एक उतारा देतात आणि त्याखालीं त्यावरील प्रश्न असतात. कायदेविषयक तर्काचेंहि असेंच आहे. कायद्याचा जो नियम लागू करावयाचा तो उताऱ्यांतच सांगितलेला असतो. विद्यार्थ्यानें तो आधीं शिकलेला असावा अशी अपेक्षा नाहीं. नियम समजून घेऊन समोरच्या हकीकतीस तो लावणें, एवढेंच काम.

एक उदाहरण देतों. तें कल्पित नसून अलाहाबाद हायकोर्टानें १९१३ सालीं निकालांत काढलेल्या 'लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त' या खटल्यांतील आहे. कानपूरच्या गौरी दत्त यांच्या नात्यांतील एक मुलगा घरांतून नाहींसा झाला. त्यांनीं आपला मुनीम लालमन यास शोधासाठीं हरिद्वारास धाडलें. तो निघून गेल्यावर त्यांनीं हस्तपत्रकें काढून, जो कोणी मुलाचा शोध लावील त्यास पांचशें एक रुपये देऊं, असें जाहीर केलें. लालमनास याची वार्ता नव्हती. त्यानें मुलाचा शोध लावला. पुढें बक्षिसाचें कळल्यावर त्यानें ती रक्कम मागितली, आणि न मिळाल्यानें फिर्याद केली. नियम असा कीं, ज्यास प्रस्तावाची माहितीच नाहीं त्याला तो स्वीकारतां येत नाहीं, आणि स्वीकारावांचून करार होत नाहीं. तर मग लालमनास बक्षीस मिळावें काय?

हा प्रश्न आम्हीं वर्गांत घातला तेव्हां बहुतेक मुलांनीं "मिळावें" असेंच म्हटलें. बिचाऱ्यानें परक्या गांवीं वणवण करून मुलगा शोधला, मग त्यास पैसे कां नाकारावेत? मुलांचें मन चांगलें आहे, परंतु उत्तर चुकलें. कोर्टानें फिर्याद फेटाळली; कारण शोध घेतांना लालमन आपल्या नोकरीचें काम करीत होता, बक्षिसाचा प्रस्ताव स्वीकारीत नव्हता. दिलेला नियम दिलेल्या हकीकतीस लावावा, आणि आपली दया किंवा आपला राग त्यांत मिसळूं नये, हा या परीक्षेचा कणा आहे. पाठांतर करणारीं मुलें येथें अडखळतात, आणि अतिशय कनवाळू मुलेंहि अडखळतात. एका मुलीनें विचारलें, "पण गुरुजी, गौरी दत्तांनीं आपण होऊन त्याला कांहीं द्यायला नको होतें का?" हा प्रश्न आम्हांस फार आवडला. कायद्यानें बांधलेलें देणें निराळें आणि विवेकानें बांधलेलें देणें निराळें, हें तिच्या लक्षांत आलें होतें. परीक्षेच्या दोन तासांत तिनें पहिल्याचेंच उत्तर द्यावें. दुसऱ्यासाठीं पुढें पांच वर्षें आणि त्यानंतरचें सारें आयुष्य आहे.

तेव्हां ही परीक्षा मुख्यतः वाचनाची आहे. एकशेंवीस मिनिटांत एकशेंवीस प्रश्न सोडवावयाचे, आणि उतारे वाचण्याचा वेळहि त्यांतच धरावयाचा. जो विद्यार्थी ओळीवर बोट ठेवून वाचतो, अथवा मनांत एकेका शब्दाचें मराठी करीत पुढें सरकतो, त्याची उत्तरपत्रिका अर्ध्यावरच राहते. अशी वाचनाची गति तीन महिन्यांच्या शिकवणीनें येत नसते. आठवी-नववीपासून रोज अर्धा तास इंग्रजी व अर्धा तास मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचावा, वाचून पत्र मिटावें, आणि लेखकाचें म्हणणें काय, त्यास त्यानें आधार कोणता दिला व त्यांत कच्चा दुवा कोठें आहे, हें तीन ओळींत लिहावें. चालू घडामोडींचा अभ्यासहि त्याच वेळीं होऊन जातो. त्यासाठीं जाडजूड 'ज्ञानकोश' विकत घेण्याचें कारण नाहीं.

ख्रिस्ती घरांत तर याची संवय जुनीच आहे. रात्रीं कौटुंबिक उपासनेच्या वेळीं शास्त्रपाठ वाचला जातो, आणि "यांत काय सांगितलें?" असें आजी किंवा वडील धाकट्यांस विचारतात. ज्या घरांत हा प्रश्न मनापासून विचारला जातो तेथें अर्धी तयारी झालेली असते. इतर घरांतहि पोथी, कीर्तन वा वर्तमानपत्र यांच्या निमित्तानें हेंच होऊं शकतें.

वजा गुणांविषयीं मुलांत विनाकारण भीति असते, म्हणून हा हिशोब मांडतों. चार प्रश्नांचीं उत्तरें डोळे मिटून दिलीं तर सरासरीनें एक बरोबर येईल व तीन चुकतील. एकांतून पाऊण गेला, पाव गुण उरला. म्हणजे तोटा नाहीं, लाभहि जवळजवळ नाहीं. परंतु प्रत्येक प्रश्नांतले दोन पर्याय विचारपूर्वक बाद करतां आले तर चारांतील दोन उत्तरें बरोबर येतात, आणि दीड गुण पदरांत पडतो. अशा पाव-अर्ध्या गुणांनीं क्रमांक शेंकड्यांनीं खालींवर होतात. दोघांचे गुण समान आले तर कायदेविषयक तर्कांत ज्यास अधिक गुण तो वर, तेहि समान असले तर वयानें मोठा तो वर. आणि वयहि जुळलें तर चिठ्ठी टाकावी तशी संगणकाकरवीं निवड होते.

आतां तिसऱ्या समजाकडे वळूं. परीक्षा इंग्रजींतच होते, हें खरें आहे, आणि ज्याच्या घरीं इंग्रजी बोललें जातें त्यास आरंभीं सोपें जातें, हेंहि खरें. सर्वोच्च न्यायालय व उच्च न्यायालयें यांचें काम राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वयें इंग्रजींत चालतें, म्हणून हें बंधन कांहीं अंशीं आलें आहे. परंतु परीक्षेस लागतें तें वाचण्याचें इंग्रजी, बोलण्याचें नव्हे. फर्डें इंग्रजी बोलणारीं, पण चार पानें एका बैठकींत वाचून न होणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. मराठी माध्यमाच्या ज्या मुलास मराठी गद्य बारकाईनें वाचतां येतें त्याला दोन-तीन वर्षांच्या नियमित वाचनानें इंग्रजीहि तसेंच वाचतां येतें. उलट पुढें तालुका व जिल्हा न्यायालयांत पक्षकाराची कैफियत मराठींत ऐकून घेऊन मराठींत मांडावी लागते, तेथें हाच मुलगा इतरांच्या पुढें राहील.

कांहीं पालकांचा आक्षेप निराळाच असतो. "वकिली म्हणजे खोट्याचें खरें करण्याचा धंदा, आमच्या मुलीनें त्यांत कां पडावें?" असें एका सत्शील गृहस्थांनीं आम्हांस विचारलें. त्यांस आम्हीं गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांतील सलाफहादाच्या पांच मुलींची आठवण करून दिली. बाप पुत्राविना वारला म्हणून त्याचें वतन दुसऱ्यांकडे जाणार होतें. त्या पांच बहिणींनीं मोशेपुढें व सर्व मंडळीपुढें उभें राहून आपली बाजू मांडली, त्यांचें म्हणणें योग्य ठरलें, आणि तेथून पुढें तो सर्वांसाठीं नियम झाला. याला वकिली म्हणूं नये तर काय म्हणावें?

आणि दूर कशास जावें? आपल्या नाशिकांत १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचेंच उदाहरण घ्यावें. ख्रिस्ती झालेल्या पारशी पित्याची ही कन्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून मुंबई विद्यापीठाची पदवी घेणारी पहिली स्त्री ठरली. विलायतेस जाण्याची शिष्यवृत्ति, केवळ ती स्त्री म्हणून, तिला नाकारण्यांत आली. हितचिंतकांच्या साहाय्यानें ती १८८९ सालीं ऑक्सफर्डला गेली, आणि विशेष परवानगीनें १८९२ सालीं कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस बसली. परीक्षा दिली तरी पदवी नाहीं आणि सनदहि नाहीं! हिंदुस्थानांत स्त्रियांस वकिलीचा अधिकार देणारा कायदा १९२३ सालीं झाला, तेव्हां त्या छप्पन-सत्तावन वर्षांच्या होत्या. मध्यंतरींचीं अनेक वर्षें त्यांनीं पडद्यांतील स्त्रियांच्या मिळकतींचीं गाऱ्हाणीं सोडविण्यांत घालविलीं. आज परीक्षेच्या दारांत मुलगी म्हणून कोणी अडवीत नाहीं. अडविलें तर तें घरींच अडवितात.

दार उघडें असलें तरी उंबरठ्यावर कागदपत्रें असतात, आणि आमच्या अनुभवास असें आलें आहे कीं, लहान गांवांतील मुलें परीक्षेंत जितकीं हरतात त्याहून अधिक या उंबरठ्यावर अडखळतात. आमच्या एका विद्यार्थिनीचा क्रमांक चांगला लागला होता. तिचे वडील एस. टी. चे चालक. तिचें उन्नत गटांत मोडत नसल्याचें प्रमाणपत्र होतें, परंतु तें राज्याच्या नमुन्यांतील व मागील वर्षाचें. विद्यापीठास पाहिजे होतें केंद्राच्या नमुन्यांतील व चालू मुदतीचें. वडिलांनीं रजा काढून तीन दिवस कचेरीचे हेलपाटे घातले. दाखला हातीं आला तेव्हां पहिल्या फेरीची मुदत टळून गेली होती. तिला पुढच्या फेरींत जागा मिळाली, पण मुंबईस नव्हे. घरापासून दीड दिवसाच्या प्रवासावर. ती तेथें उत्तम शिकत आहे. तरी एका कागदानें तिला एवढें दूर नेलें, हें तिची आई अजून विसरत नाहीं.

म्हणून पालकांस आमची आग्रहाची विनंति आहे कीं, मूल अकरावींत असतांनाच सेतु केंद्रांत वा तहसील कचेरींत जाऊन अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता, उन्नत गटाबाहेरचें प्रमाणपत्र अथवा आर्थिक दुर्बल घटकाचें प्रमाणपत्र, यांपैकीं आपल्यास जें लागू असेल त्याची चौकशी करावी. ख्रिस्ती कुटुंबांनीं तर आपण कोणत्या प्रवर्गांत मोडतों, हें ऐकीव माहितीवर ठरवूं नये. दप्तरांतील नोंद व यादी स्वतः पाहावी. महाराष्ट्रांतील तिन्ही विद्यापीठांत या राज्याच्या रहिवाशांसाठीं जागा राखून ठेवलेल्या आहेत, त्यामुळें अधिवासाचा दाखला नसणें म्हणजे हातचें सोडून देणें होय. शाळेच्या दाखल्यावरील नांव, आधारपत्रावरील नांव व अर्जांतील नांव हीं अक्षरशः एक असावींत. 'डिसूझा' कोठें जोडून, कोठें तोडून लिहिलेलें असलें कीं कारकुनास तेवढें निमित्त पुरतें.

खर्चाचेंहि स्पष्ट बोलावें. परीक्षेच्या अर्जास अलीकडे चार हजार रुपये पडतात. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व दारिद्र्यरेषेखालील उमेदवारांस साडेतीन हजार. प्रवेश मिळाल्यावरचा खर्च मात्र जड आहे. पुष्कळ विद्यापीठांत शुल्क, वसतिगृह व खानावळ मिळून वर्षास दोन लाखांच्या पुढें जातो, आणि कांहीं ठिकाणीं त्याहून बराच अधिक. यासाठीं बँका शिक्षणकर्ज देतात, व विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या असतात. त्यांची माहिती जागा पत्करण्यापूर्वीं काढावी, नंतर नव्हे. गरीब व दुर्लक्षित समाजांतील मुलांस या परीक्षेसाठीं विनामूल्य तयार करणारी 'इडिया' नांवाची एक संस्था प्राध्यापक शमनाद बशीर यांनीं २०१० सालीं स्थापन केली. ते २०१९ सालीं वारले, परंतु तिचें काम विधि विद्यापीठांतील विद्यार्थी स्वतः करीत आहेत. ज्याची परिस्थिति बेताची आहे त्यानें शिकवणीवर्गाच्या दारीं जाण्याआधीं या संस्थेस पत्र लिहावें.

निकालानंतर विद्यापीठांचा पसंतीक्रम भरून द्यावा लागतो, आणि क्रमांक व पसंती पाहून फेऱ्याफेऱ्यांनीं जागा वांटल्या जातात. येथें लोक फार घाई करतात. आपला क्रमांक पाहून "हें आपल्यास मिळणारच नाहीं" असें ठरवून वरचीं नांवें गाळूं नयेत; मनापासून जें हवें तें वर लिहावें, कारण वर लिहिल्यानें खालची जागा जात नाहीं. तसेंच केवळ नांवलौकिक पाहून, जेथें मुलास पाठविण्याची आपली तयारी नाहीं अशा दूरच्या विद्यापीठाचें नांव यादींत घालूं नये. मिळालेली जागा नाकारल्यास पुढच्या फेरींतून बाहेर पडण्याची वेळ येते, आणि भरलेले पैसे परत मिळण्याचे नियमहि कडक असतात. यादी घरांत सर्वांनीं बसून, मुलाचें ऐकून, करावी.

क्लॅटमध्यें यश आलें नाहीं तर महाराष्ट्र राज्याची स्वतंत्र कायदा प्रवेशपरीक्षा आहेच. ती २०१६ पासून होते. तिच्यांतून मुंबईचें सरकारी लॉ कॉलेज, पुण्याचें आय. एल. एस. आणि राज्यांतील इतर महाविद्यालयें यांत प्रवेश मिळतो. ती मराठींतहि देतां येते, आणि तिच्यांत चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहींत. शुल्कहि सरकारी महाविद्यालयांत पुष्कळ कमी असतें. ज्यास आधीं पदवी घ्यावीशी वाटते त्याच्यासाठीं पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आम्ही स्वतः तर बारावीच्या प्रत्येक इच्छुकास दोन्ही अर्ज करण्यास सांगतों.

क्लॅटचे अर्ज साधारणतः जुलै-ऑगस्टांत सुरू होतात व दिवाळीच्या आसपास बंद होतात. गेलीं कांहीं वर्षें परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारीं दुपारीं दोन ते चार या वेळांत होत आली आहे, त्यामुळें केंद्र जवळचें असल्यास सकाळची उपासना चुकविण्याचें कारण पडत नाहीं. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील कांहीं छापून आमच्या ग्रंथालयांत ठेवल्या आहेत. नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनीं त्या मागून घ्याव्यात, घड्याळ लावून सोडवाव्यात, आणि उत्तरें तपासण्यासाठीं शनिवारीं शाळा सुटल्यावर आमच्याकडे आणाव्यात.